गोव्याच्या दमट हवेत बाळ बांधायला सुती रॅप: कोणता घ्यावा आणि कसा पारखावा

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. बाळ दोन महिन्यांचं, वजन पावणेपाच किलोच्या आसपास, बाळंतपण सिझेरियनचं. खाली ठेवलं की रडतं, म्हणून सुती रॅप, म्हणजे बाळ अंगाशी बांधायचं लांब कापड, घ्यायचा आहे. ऑनलाइन कुणी म्हणतं पातळ घ्या, कुणी म्हणतं जाड, कुणी 4.6 मीटर सांगतं, कुणी 3.6. ताई स्वतः बुटक्या, नवरा उंच आणि अंगाने भरलेला, मग दोघांना एकच चालेल का? सासूबाई म्हणतात, कपाटात सुती लुगडी पडली आहेत, त्यातच बांध की. आणि जूनमध्ये पाऊस लागला की एवढं लांबलचक कापड वाळणार कुठे?

आधी उत्तर देते, कारणं मागून. शंभर टक्के सुती, ट्विल विणीचा, धुतल्यावर 4.2 मीटर भरेल असा, 65 सेंटीमीटरच्या आसपास रुंद आणि 200 ते 230 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) रॅप घ्या. तुमच्या दोघांना तो एकच पुरेल. मिळाला तर वापरलेला घ्या, नव्यापेक्षा तो बरा.

आता पातळ की जाड. गोव्यात माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक आई आधी पातळ कापडाला हात घालते. मे महिन्यात इथला पारा 33-34 च्या आसपास असतो, पण हवेत ओलावा इतका की घाम वाळतच नाही. म्हणून जितकं पातळ तितकं थंड, असं वाटणं साहजिक आहे. पण रॅपमध्ये उकडतं ते बाळाच्या अंगावर कापडाचे किती थर येतात त्यावर. पातळ कापड खांद्याला काचतं, बाळाचं वजन पेलत नाही, मग आई आणखी एक फेरा घेते, मग आणखी एक. शेवटी बाळावर 150 जीएसएमच्या कापडाचे तीन थर चढतात आणि दोघंही घामाघूम होतात. त्याऐवजी 220 जीएसएमचं दणकट कापड एकाच थरात नीट ओढून बांधलं, तर बाळाच्या पाठीवर एक कापड आणि त्याच्या अंगात एक पातळ झबलं, एवढंच राहतं. आई आणि बाळ यांच्या मधली ऊब उरतेच, ती कुठलंही कापड घालवू शकत नाही. त्यामुळे कापड निवडायचं ते एका थरात वजन पेलेल असं. लांबी, वीण, जाडी सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

बाजारात रॅपची लांबी बहुधा आकड्यांत सांगतात. 6 नंबर म्हणजे साधारण 4.6 मीटर, 5 म्हणजे 4.2, 4 म्हणजे 3.6, आणि 7 म्हणजे 5.2. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून आकड्यावर न जाता मीटर विचारा. मध्यम बांध्याच्या बाईला सगळे प्रकार बांधता यावेत म्हणून 6 नंबर सांगायची पद्धत आहे, तुम्हाला 4.6 सांगणारे चुकीचं सांगत नाहीत. नवशिक्यांना जो प्रकार आधी शिकवतात, म्हणजे समोर बाळ घेऊन एक आडवा पट्टा आणि त्यावरून दोन तिरके पट्टे, त्याला तेवढी लांबी लागते. तो शिकायला सोपा आहे हेही खरं. पण त्यात बाळावर तीन थर येतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारवा असतो तेव्हा ठीक, मे महिन्यात नको.

एका थराचे प्रकार तीन-चार आहेत. लहान बाळासाठी मला सर्वात आवडतो तो कांगारू. यात कापड बाळावरून एकदाच आडवं जातं, टोकं पाठीवर एकमेकांना छेदून खांद्यांवरून पुढे येतात, खांद्यावर कापड एकदा उलटून पसरतं, आणि मग दोन्ही टोकं बाळाच्या बुडाखालून, पायांखालून मागे जाऊन पाठीशी गाठ बसते. गाठ मागे असल्यामुळे टाक्यांवर काही दाबत नाही. शिकायला वेळ लागतो, खांद्यावरची ती घडी पहिल्या काही दिवसांत मनासारखी बसत नाही. पण एकदा जमली की वजन दोन्ही खांद्यांवर सारखं पसरतं आणि बाळावर एकच थर राहतो. पुढे बाळ बसायला लागलं की पाठीवर घ्यायचा एका थराचा साधा प्रकारही याच लांबीत होतो, आणि कडेवर घेण्याचाही.

तुम्ही बुटक्या आहात, म्हणजे तुमच्या अंगाला 4.2 मीटर हीच पूर्ण लांबी पडते. हिवाळ्यात तीन थरांचा प्रकार बांधावासा वाटला तर तोही तुम्हाला याच कापडात जमेल. तुमच्या यजमानांना तो प्रकार पुरणार नाही, त्यांना 5.2 लागेल. पण कांगारू आणि पाठीवरचा साधा प्रकार त्यांना 4.2 मध्ये येतो. पुरुषांना तसाही जास्त घाम येतो, त्यांनी तीन थरांच्या भानगडीत पडूच नये.

आता वीण. इथेच खरी पारख आहे आणि इथेच बहुतेक लोक रंग बघून पैसे देतात. कापडात उभे धागे आणि आडवे धागे असतात. त्या दोन्ही दिशांना रॅप अजिबात ताणला जाता कामा नये, नाहीतर बाळ तासाभरात खाली सरकेल. तिरक्या दिशेला मात्र तो थोडा ताणला गेला पाहिजे आणि सोडल्यावर परत जागेवर आला पाहिजे. बाळाची पाठ गोलाकार असते, बूड खाली आणि गुडघे वर असतात. या सगळ्या उंचसखल आकारावर कापड बसतं ते या तिरक्या ओढीमुळेच. ती नसेल तर कापड वरच्या काठाला ढिलं राहतं आणि खालच्या काठाला मांडीत रुततं. तुम्ही वरून ओढून घेता तेव्हा खालून सैल होतं, खालून ओढता तेव्हा वरून.

दुकानात किंवा घरी कापड आलं की दोन्ही हातांनी कोपऱ्यातून कोपऱ्याकडे ओढून बघा. मग उजेडासमोर धरा. बारीक, सारखी जाळी दिसावी, कुठे दाट कुठे विरळ नको. मग अंगठ्याच्या नखाने धागे बाजूला सारायचा प्रयत्न करा. सहज सरकून फट पडली तर वीण सैल आहे, असं कापड वजनाखाली विरळ होत जातं. ट्विल विणीत कापडावर तिरक्या बारीक रेघा दिसतात, आपल्या जीन्सवर असतात तशा. साध्या ट्विलला एका तिरक्या दिशेला ओढ जास्त, दुसऱ्या दिशेला कमी. रेघा उलटसुलट फिरून छोटे चौकटीसारखे किंवा माशाच्या काट्यासारखे आकार होतात, ते ट्विल दोन्ही दिशांना सारखं ओढ घेतं, आणि नवशिक्या हाताला ते फार सांभाळून घेतं. साध्या, एकावर एक विणीतही चांगले रॅप बनतात. ते पातळ, हवेशीर असतात, पण बाळ आठ-नऊ किलोचं झालं की खांद्यावर जाणवतात.

नक्षीचे जॅकार्ड रॅप दिसायला सुंदर. पण त्यांच्या एका बाजूला धागे लांब लांब मोकळे राहतात, आणि आपल्याकडे आईच्या हातात बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र, बाळाच्या पायात वाळे. एक धागा बांगडीत अडकला की नक्षीला लोंबकळणारा फास तयार होतो. तो कापू नये, सुईने मागे ओढून घ्यावा, हे सांगून ठेवते. ज्यांना दागिने काढून ठेवायचा कंटाळा आहे त्यांनी जॅकार्डच्या वाटेला जाऊ नये. तसं मंगळसूत्र रॅप बांधताना काढाच. बाळाचा गाल त्याच्यावर टेकतो आणि वाट्या कोवळ्या कातडीत रुततात. बाळाच्या गळ्यात दोरा, काळे मणी असतील तर तेही काढा, बांधलेल्या बाळाच्या गळ्याभोवती काहीही नको.

जीएसएम दुकानदार सांगत नसेल तर स्वयंपाकघरातला काटा आहेच. कापडाचं ग्रॅममधलं वजन भागिले त्याची लांबी गुणिले रुंदी, दोन्ही मीटरमध्ये. 4.2 मीटर लांब, 70 सेंटीमीटर रुंद कापड 650 ग्रॅम भरलं तर 650 भागिले 2.94, म्हणजे 221 जीएसएम. हे उत्तम. 180 च्या खाली गेलं की पाचव्या-सहाव्या महिन्यात खांदे तक्रार करायला लागतात. 260 च्या पुढे गेलं की गाठ लाडवाएवढी होते आणि पावसात तीन दिवस वाळत नाही.

हाच हिशोब सासूबाईंच्या लुगड्याला लावू. त्यांचं म्हणणं झिडकारू नका. मूल अंगाशी बांधून कामं करण्याची रीत आपल्याकडे नवी नाही, आणि त्या बाळाला कडेवर घेतात तेव्हा बाळाचे पाय त्यांच्या कमरेभोवती ज्या प्रकारे फाकतात, गुडघे बुडापेक्षा वर येतात, तोच आकार आपल्याला रॅपमध्ये हवा असतो. खुब्याच्या वाढीसाठी तो चांगला, पाय सरळ लोंबकळत ठेवणं वाईट. म्हणजे बसवायचं कसं हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. अडचण कापडाची आहे. साडेपाच मीटर लांब आणि 115 सेंटीमीटर रुंद सुती साडी अर्धा किलो भरली तर ती 79 जीएसएम. वीण साधी, तिरकी ओढ नगण्य. रुंदी जवळपास दुप्पट, म्हणून ती दुमडावी लागते, म्हणजे एका थराचे दोन थर झाले. आणि लुगडं जुनं असेल तर घडीवर, निऱ्यांच्या जागी, जिथे वर्षानुवर्षं मोड पडली आहे तिथे धागा खपलेला असतो. तो तिथेच उसवतो, तोही वजन पडल्यावर.

लुगड्याचा एक उपयोग मात्र आहे. ते उभं मधोमध फाडून त्याच्या पट्ट्याने बांधायचा सराव करा, बाळाच्या जागी उकड्या तांदळाची पाच किलोची पिशवी घेऊन. वजन तेवढंच आहे, आणि पिशवी रडत नाही. रॅप घरी येईपर्यंत फेरे हाताला बसलेले असतील.

कुणबी साडीच्या कापडाबद्दलही मला नेहमी विचारतात. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिची लाल चौकडी पुन्हा लोकांपुढे आणल्यापासून तिच्या धर्तीच्या कापडाच्या ओढण्या, शाली, जाकिटं सगळीकडे दिसतात, आणि गोव्याच्या बाळाला गोव्याचं कापड ही हौस मला समजते. हातमागाचं खरं कापड असेल तर ते दणकट असतं. चौकडीचा एक फायदाही आहे, कापड कुठे गोळा झालंय, कुठे तिरकं ओढलं गेलंय हे रेघांवरून लगेच कळतं, म्हणून शिकाऊ आयांना मी मुद्दाम पट्ट्यांचे किंवा दोन्ही काठ वेगळ्या रंगाचे रॅप घ्यायला सांगते. पण दुकानात मिळते ती शाल दोन मीटरच्या आसपास, बांधायला अपुरी. आणि चौकडीच्या नावाखाली पॉलिस्टर मिसळलेलं कापडही विकलं जातं. विणकराकडून अखंड लांब कापड मिळत असेल तर वर सांगितलेल्या चाचण्या त्यालाही लावा. उत्तीर्ण झालं तर आनंदाने घ्या. दोन तुकडे मध्ये शिवून लांबी वाढवलेला रॅप मात्र कुणाचाही असला तरी घेऊ नका.

आज आपण ज्याला रॅप म्हणतो त्या खास विणलेल्या कापडाचा धंदा म्हणून उगम जर्मनीत झाला. 1972 साली एरिका होफमान या जुळ्या मुलांच्या आईने दिदिमोस ही कंपनी काढली. तिथल्या थंडीला 260-280 जीएसएमचं कापड शोभतं. तिथल्या आयांनी लिहिलेले सल्ले वाचून आपल्याकडे लोक जाड, लांब रॅप मागवतात आणि मग दोन महिन्यांत विकायला काढतात. भारतातही आता चांगले विणलेले सुती रॅप बनतात आणि ते आपल्या हवेचा विचार करून हलके ठेवलेले असतात. तेच आधी पाहा.

भेसळीबद्दल दोन शब्द. बांबू-कॉटन नावाने जे मिळतं त्यात बांबूचा व्हिस्कोस, म्हणजे बांबूच्या लगद्यापासून बनवलेला धागा, असतो. हाताला गार, रेशमासारखं लागतं, म्हणून खपतं. पण व्हिस्कोस ओला झाला की त्याची ताकद घटते, आणि तो निसरडा असतो, गाठ हळूहळू सैल होते. सुताचं उलट आहे, ओलं सूत कोरड्यापेक्षा मजबूत. गोव्यात रॅप घामाने ओला होणारच आहे, तेव्हा निवड कशाची करायची हे उघड आहे. लिनन मिसळलेला सुती रॅप मात्र चांगला, हवेशीर, लवकर वाळणारा आणि वजन पेलणारा. फक्त नवा असताना तो ताठ असतो, दोन महिन्यांच्या बाळाला नको. बाळ वर्षाचं झाल्यावर दुसरा घ्यायचा असेल तर लिननचा विचार करा. पॉलिस्टर नको, आणि टी-शर्टच्या कापडाचे ताणले जाणारे रॅप आपल्या उन्हाळ्यात नकोत. ते तीन थरांतच बांधावे लागतात आणि बाळ सात-आठ किलोचं झालं की लोंबायला लागतात.

वापरलेला रॅप बरा असं म्हणाले, कारण नवा सुती रॅप पहिल्यांदा खरखरीत असतो. हातमागाच्या कापडाला खळ असते. ती पूर्ण निघेपर्यंत कापड बाळाला लावू नका, कारण बाळ रॅपचा काठ चोखतंच. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, दुसऱ्या दिवशी सौम्य साबणाने धुवा, पाणी गढूळ निघत असेल तर पुन्हा. रंगाची खात्री नसेल तर ओला पांढरा रुमाल कापडावर घासून पाहा. निळ्या आणि गडद लाल रंगांना विशेष. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणूनच लांबी विचारताना धुतल्यानंतरची विचारा. मऊ करायला औषध लागत नाही. सोफ्यावर अंथरा आणि घरातल्या सगळ्यांना त्याच्यावर बसू द्या, दमट असताना इस्त्री फिरवा, वेणी घालून ठेवा, पुन्हा मोकळा करा. आठवड्याभरात फरक पडतो. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका, त्याने कापडाची घाम शोषायची ताकद जाते आणि गाठ सरकते. ब्लीच नको.

वापरलेला घेताना पूर्ण कापड उजेडासमोर धरून टोकापासून टोकापर्यंत बघा. विरळ जागा, रफू, एका बाजूने उन्हाने विटलेला रंग, काठाची उसवलेली शिवण. रंग विटला असेल तर धागाही उन्हाने कमजोर झालेला असण्याची शक्यता असते. टोकं निमुळती आणि दुमडून शिवलेली असावीत, म्हणजे गाठ लहान बसते. मधोमध काठावर खूण असते, ती नसेल तर रंगीत दोऱ्याने चार टाके घाला. बाळ हातात रडत असताना कापडाचा मध्य शोधत बसावं लागत नाही.

रुंदी 65 च्या आसपास सांगितली ती तुमच्या उंचीमुळे. कापड बाळाच्या एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागपर्यंत आणि वर मानेपर्यंत पोहोचलं की पुरे. 75-80 सेंटीमीटर रुंद कापडाचा वरचा भाग लहान बाळाच्या तोंडाजवळ गोळा होतो, आणि ते धोक्याचं.

धोक्याचं म्हटलं ते सविस्तर सांगते, इथे घाई करणार नाही. चार महिन्यांखालच्या बाळाची मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली तर श्वासनलिका दबते, आणि बाळ आवाज न करता गुदमरू शकतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 2010 साली झोळीसारख्या वाहकांबद्दल इशारा दिला तो याच कारणासाठी. त्यात चार महिन्यांखालची, अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची बाळं विशेष जोखमीची म्हटली होती. म्हणून बाळ उभं, छातीला छाती लावून बांधा, आडवं झोळीत नाही. मान खाली केली की त्याच्या टाळूची पापी घेता आली पाहिजे, इतकं वर. तोंड कायम दिसलं पाहिजे, त्यावर पदर, ओढणी, टोपी काही नाही. हनुवटी आणि छाती यांच्यात दोन बोटं मावली पाहिजेत. आणि कापड इतकं घट्ट, की बाळाच्या पाठीला हात लावून तुम्ही किंचित पुढे वाकलात तर बाळ तुमच्या अंगापासून सुटता कामा नये. सुटलं तर सोडून पुन्हा बांधा. गाठ ओढून हे सुधारत नाही, ढिलाई काठाकाठाने, वरून खाली, हाताने काढावी लागते. चांगल्या तिरक्या ओढीचं कापड इथेच कामाला येतं.

तुमचं सिझेरियन आहे, तर डॉक्टरांनी वजन उचलायला परवानगी दिल्याशिवाय सुरुवात नको. तोवर यजमानांनी बांधावं. बाळ वेळेआधी जन्मलं असेल किंवा वजन कमी असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. बाळाला सर्दीने नाक चोंदलं असेल, ताप असेल, त्या दिवशी बांधू नका.

उकाड्यात बाळाला रॅपखाली एकच पातळ सुती झबलं, पायमोजे नाहीत, टोपी फक्त उन्हात. हातपाय गार लागतात म्हणून बाळाला थंडी वाजते असं घरातले म्हणतील. मानेच्या मागे बोट लावून बघा. तिथे घाम असेल, अंग तापलेलं वाटलं, तर सोडा. दर अर्ध्या-पाऊण तासाने हे बघायचं. अंगावरचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा, सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी द्यायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. दुपारी बारा ते चार बाहेर नको. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सकाळी उरका.

घरातल्या कामाला रॅप फार उपयोगी, पण चुलीजवळ नाही. चवथीला गावच्या घरी सगळी जमतील, तुमचं बाळ तोवर पाच-सहा महिन्यांचं असेल, आणि तुम्ही त्याला बांधून गणपतीवरची माटोळी बांधायला मदत करू शकाल, फुलं निवडू शकाल. नेवऱ्या तळायला बसायचं असेल तेव्हा बाळ दुसऱ्याकडे. गरम चहाचा कपही बाळ अंगावर असताना हातात नको.

आणि दुचाकी. गोव्यात हे सांगावंच लागतं, कारण स्कूटरवर बाळ रॅपमध्ये बांधून जाणाऱ्या आया मी रोज बघते. रॅप हा सुरक्षा-पट्टा नाही. 2022 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना ठरावीक प्रकारचा हार्नेस लागतो, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट लागतं आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. दोन महिन्यांच्या बाळाला मानच धरता येत नाही, हेल्मेट घालणार कुठे? गाडीतही बाळ रॅपमध्ये ठेवून बसू नका, त्याला त्याची खुर्ची लागते. बसथांब्यापर्यंत चालत जाताना, फेरीबोटीची वाट बघताना, देवळाच्या पायऱ्या चढताना बांधा. पायऱ्या उतरताना पाय दिसत नाहीत, एक हात कठड्याला ठेवा.

रिंग स्लिंगबद्दल, म्हणजे दोन कड्यांत ओवून एका खांद्यावर घ्यायच्या कापडाबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण दुसरी वस्तू घ्यायचीच झाली तर ती. एकच थर, दोन मीटरच्या आसपास कापड, घरातल्या घरात दहा मिनिटांसाठी झटकन. वजन एकाच खांद्यावर येतं, म्हणून लांबच्या फेरीला नाही. कड्या जोड नसलेल्या, बाळ बांधण्यासाठी म्हणूनच बनवलेल्या हव्यात, शिवणकामाच्या दुकानातल्या नाहीत.

राहिला पाऊस. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या काळात रॅप दर दोन दिवसांनी धुवायचा हट्ट सोडा. घामाचा असेल तर संध्याकाळी पंख्याखाली पसरून ठेवला की पुरतं, दूध-शी लागली तर तेवढाच भाग धुवा. पूर्ण धुतलात तर मशीनमध्ये एकदा जास्तीचा पिळा द्या आणि दोरीवर एका घडीत न टाकता दोन दोऱ्यांवर झोळासारखा पसरून टाका, मधून वारा खेळला पाहिजे. 220 जीएसएमचं ट्विल पंख्याखाली साधारण दीड दिवस घेतं. घाई असेल तर शेवटची ओल इस्त्रीने काढा. अर्धवट ओला घडी करून कपाटात गेला की दोन दिवसांत कुबट वास आणि मग बुरशीचे काळे ठिपके. ते ठिपके धागाही खातात. ठिपके पडलेल्या जागी कापड ओढून बघा, कमजोर वाटलं तर तो रॅप बाळासाठी संपला.

कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर रॅप त्या कपाटात ठेवू नका, बाळाचे कपडेही नाहीत. त्यातलं नॅफ्थलीन जी6पीडीची (रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तपेशी फोडतं आणि कावीळ जोरात वाढते. ही कमतरता जन्मतः असते आणि तपासल्याशिवाय कळत नाही. वापरलेल्या रॅपला किंवा जुन्या लुगड्याला तो वास येत असेल, तर धुवा, दोन-तीन दिवस वाऱ्यावर टाका आणि वास पूर्ण गेल्यावरच बाळाजवळ न्या. कापूरही नको. कडुनिंबाची वाळलेली पानं पुरचुंडीत बांधून ठेवली तरी कसरीपुरतं काम भागतं.